हेडफोन नको, स्पीकर आण

डिसेंबर लागला की लोक मला कानांबद्दल विचारायला लागतात. ऑफिसातल्या एसीला शिव्या देत सगळे स्वेटर घालून बसलेले असतात, शिल्लक राहिलेल्या रजा जोडून जो तो कुठेतरी निघालेला असतो, आणि निघण्याआधी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. ‘मॅम, बड्स घेऊ की कान झाकणारे? ट्रेकला स्पीकर न्यावा का?’ मग मी विचारते, प्रवास किती तासांचा, चष्मा आहे का, एका कुशीवर झोपायची सवय आहे का. विमानाला कान झाकणारे घ्या. बसला बड्स घ्या, आणि एक कान मोकळा ठेवा, म्हणजे आपला स्टॉप चुकत नाही. स्पीकर फक्त तेव्हा, जेव्हा बरोबरच्या सगळ्यांना तेच गाणं हवं असतं, म्हणजे जवळजवळ कधीच नाही. हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी ते म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते.

ही विद्या मला प्रवासातून मिळालेली नाही. ज्या काळात ती मिळवली, त्या काळात माझा सगळ्यात लांबचा प्रवास खडकी ते हिंजवडी एवढाच होता. कंपनीची पांढरी बस सव्वासातला स्टेशनबाहेर यायची. औंध येईपर्यंत गप्पा, वाकडला सगळे झोपलेले, आणि हिंजवडीत शिरताना एका बाजूला काचेच्या इमारती नि दुसऱ्या बाजूला ऊस. बसमध्ये प्रत्येकाच्या कानातून एक काळी वायर खिशात उतरायची. मी त्या वायरी बघत बसायचे. कोणाचं काय आहे, कुठून आणलं आहे, कोणत्या बाजूचं बंद पडलं आहे, सगळं मला माहीत असायचं.

त्या दिवसांत ऑनसाइट हा शब्द आमच्याकडे सणासारखा उच्चारला जायचा. ऑनसाइट म्हणजे परदेशी क्लायंटच्या ऑफिसात जाऊन काम करायचं. ज्याला ते मिळायचं, त्याच्याकडे बाकीच्यांनी आपापली लिस्ट द्यायची, अशी रीतच पडली होती. मग थंडीत ही माणसं रजेवर परत यायची, कोणाचं लग्न ठरायचं असायचं, कोणाची वास्तुशांत असायची, आणि त्यांच्या बॅगांमधून चॉकलेटांच्या खालून सगळ्यांचे हेडफोन निघायचे. लिस्टमध्ये नेमकं काय लिहायचं, हे लोक मला विचारायचे. माझ्याकडे एक एक्सेल शीट होतं. वजन किती, घडी होते का, वायर केवढी, विमानातल्या दोन भोकांच्या सॉकेटला चालणारी पिन बरोबर येते का. मी टेस्टिंगला होते, दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंतल्या चुका शोधायचा पगार घ्यायचे, त्यामुळे हे काम मला मनापासून जमायचं. मी विमानात पाय ठेवलेला नव्हता, पण खुर्चीच्या हाताला सॉकेट कुठे असतं, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

शीटमधली एक ओळ मी पिवळी करून ठेवली होती. ती कोणाला सुचवायची नव्हती. मोठे, अख्खा कान आत घेणारे, मऊ गादीचे हेडफोन. ते बाबांसाठी होते, आणि ते मी स्वतः ऑनसाइटहून आणणार होते.

बाबा खडकीच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यावर आदळणाऱ्या मशीनशेजारी त्यांनी सगळी नोकरी काढली. कानात घालायला रबरी बोळे मिळायचे, ते बाबांच्या शर्टाच्या खिशात नव्यासारखे राहायचे. ते म्हणायचे, मशीनचा आवाज जरा जाड झाला की डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, गेली समजायचं, कान बंद केले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं? त्यांच्या खात्यातले सगळेच असं म्हणायचे, आणि बोळे घालणाऱ्याला नवशिका समजायचे. त्यांची डाय कधी फुकट गेली नाही. कान गेले. ते एकदम गेले नाहीत, दरवर्षी थोडे थोडे गेले, त्यामुळे कोणी डॉक्टरकडे चला असंही वेळेवर म्हटलं नाही. पुढे ऐकायचं मशीन घ्यायचं का विचारलं तर म्हणायचे, कानात काही कोंबायचं नाही.

आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये त्यामुळे एक पद्धत पडली होती. मला बाबांना काही सांगायचं असलं की मी आईला सांगायचे आणि आई ते ओरडून बाबांना सांगायची. ‘अहो, ती म्हणतेय, उद्या फी भरायची आहे.’ ‘अहो, ती म्हणतेय, पहिला नंबर आला.’ बाबा मान हलवायचे आणि उत्तर आईकडेच द्यायचे. माझा आवाज मुळातच बारीक. शाळेत हळू बोलण्याबद्दल शाबासकी मिळायची आणि घरी बोलायला आई होती. ‘अहो, ती म्हणतेय’ या तीन शब्दांच्या पाठीमागे मी सव्वीस वर्षांची झाले. बाबांशी सरळ, मध्ये कोणी नसताना, मी दहा शब्दांच्या वर कधी बोलले असेन असं मला आठवत नाही.

मग रोहिणी आली. ती लोणी काळभोरची, आमच्याच टीममधली, माझ्या शेजारच्या खुर्चीतली. लोणीहून हिंजवडी म्हणजे रोज अख्खं पुणे आडवं ओलांडायचं. हॉस्टेलला तिच्या वडिलांची ना होती. मी बोलून गेले, आमच्याकडे राहा सोमवार ते शुक्रवार. वडील घर बघायला आले. भिंतीवरचे बुद्धांचे आणि बाबासाहेबांचे फोटो त्यांनी एकदा नीट बघून घेतले, आईनं दिलेला चहा प्यायला, मग आणखी अर्धा कप मागितला, आणि बाबांशी उसावर नि पाण्यावर असे बोलत बसले की त्यांची शेवटची गाडी चुकायची वेळ आली. ते दोघे एकमेकांशी एवढ्या मोठ्यानं बोलत होते की शेजारच्या काकू भांडण समजून डोकावून गेल्या.

मोठा आवाज रोहिणीनं त्यांच्याकडून घेतला होता. मळ्याच्या या टोकावरून विहिरीवरच्या माणसाला हाक मारत ती वाढली होती. घरात शिरताना चप्पल काढता काढता ती म्हणायची, ‘काका, आज मशीन हसत व्हतं का रडत?’ आणि आतल्या खोलीतून बाबांचं उत्तर यायचं. पहिल्या फटक्यात. काय म्हणालीस, असं त्यांना तिला कधी विचारावं लागलं नाही. आईच्या मदतीशिवाय, खाणाखुणांशिवाय ते दोघे संध्याकाळी दारातल्या पायरीवर बसायचे, आणि बाबा तिला प्रेसच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख कसं गेलं, ते मला त्या पायरीवरच्या गप्पांमधून कळलं. मी आत कणीक मळत होते.

मत्सर हा शब्द फार नटून आलेला आहे. आमच्या घरात त्याला जळणं म्हणायचे, आणि मी जळत होते. आधी मला वाटायचं, छान झालं, घर भरलं. मग मी मोजायला लागले, बाबा तिच्याशी किती वाक्यं बोलले. मग ती शुक्रवारी लोणीला गेली की मला बरं वाटायला लागलं आणि सोमवारी बाबा घड्याळाकडे बघायला लागले की पोटात दुखायला लागलं. वाईट हे की तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पोरगी आळशी असती, लबाड असती, निदान जेवण झाल्यावर ताट तसंच टाकून उठली असती, तर मला केवढा आधार झाला असता. ती माझंही ताट उचलायची.

पावसाळ्यात ऑनसाइटची एक जागा निघाली. काम मी जास्त केलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, रोहिणीलाही. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि अगदी मवाळपणे सांगितलं, ‘तुझं काम उत्तम आहे गं. पण कॉलवर तू ऐकू येत नाहीस. क्लायंट प्रत्येक वेळी रिपीट करायला सांगतो. रोहिणीचं इंग्लिश कच्चं आहे, पण पोचतं.’ मी म्हटलं, ठीक आहे. तेसुद्धा त्याला ऐकू गेलं नसावं, कारण त्यानं विचारलं, ‘काय?’

आता कॉलवर आवाज वाढवायची सोय असते. पडद्यावर आपलं बोलणं खाली अक्षरांत उमटतं. आमच्या टीममधली एक मुलगी तर माझ्याहूनही हळू बोलते आणि वर्षातून दोनदा जाऊन येते. तिचे बड्स शेंगदाण्याएवढे, वायर नाही, काही नाही. ती ते कानात घालते, बोटानं एकदा टिचकी मारते आणि जगापासून मोकळी होते. मला तिचाही हेवा वाटतो. माझ्यासारखीला हेवा करायला विषय शोधावे लागत नाहीत. पण हा हेवा दुपारपर्यंत विरतो. रोहिणीचा वर्षभर टिकला होता, कारण तिनं मला हवी असलेली एक गोष्ट नाही, मोठ्या आवाजाच्या एकाच कारणानं दोन गोष्टी घेतल्या होत्या, आणि मागितली एकही नव्हती.

तिच्या विमानप्रवासासाठी हेडफोन मीच निवडले. त्यात मी खोट केली नाही. कान गरम न होणारे, घडी करून पर्समध्ये मावणारे, इंजिनाची घरघर कमी करणारे. खरं सांगायचं तर तिनं आरामात जावं, लवकर पोचावं आणि तिथंच राहावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिला सोडायला तिचे आईवडील आले होते, आणि बाबाही आले. ती आत गेल्यावर बाबा माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. मी उत्तर दिलं. त्यांनी सवयीनं आईकडे बघितलं.

ती गेली आणि घर माझं झालं, असं मी धरून चालले होते. दर रविवारी सकाळी फोन वाजायचा. बाबा उचलायचे, कारण त्या वेळी तोच येणार हे ठरलेलं असायचं. रिसीव्हर कानापासून चार बोटं लांब धरून ते तिच्याशी बोलायचे. तिथं बर्फ पडला, भाकरीचं पीठ मिळालं, क्लायंट आजोबांच्या वयाचा आहे, सगळं त्यांना समजायचं. सात समुद्रांपलीकडून तिचं ऐकू येत होतं आणि शेजारच्या खोलीतून माझं येत नव्हतं.

नोव्हेंबरअखेर बाबा रिटायर झाले. हार, नारळ, घड्याळ, खात्यातल्या लोकांबरोबर फोटो. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा ते उठून बसले आणि मग बसूनच राहिले. क्वार्टर सोडायला अजून काही महिने होते. थंडी पडायला लागली होती. क्वार्टरांच्या लाइनीच्या टोकाला कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा होता, तिथं आधीच रिटायर झालेली त्यांच्या खात्यातली माणसं उन्हाला येऊन बसायची. त्यांचे जुने जोडीदार साळवेकाका त्यांना हाताला धरून न्यायला लागले. सगळेच कमी ऐकणारे. सगळे एकदम बोलायचे, कोणी कोणाचं ऐकायचं नाही, आणि उन्हं तापली की समाधानानं उठायचे.

त्याच आठवड्यात रोहिणीची मेल आली. जानेवारीत तीन आठवडे येतेय, असं होतं, आणि पुढे, ‘काकांना रिटायरमेंटचं काय आणू? इथं मोठे हेडफोन बघितलेत, पूर्ण कान आत जातो. रेडिओला लावता येतील. आणू का? तू सांग, तुला यातलं कळतं.’

माझी पिवळी ओळ. सातासमुद्रापलीकडच्या दुकानात तिचा हात नेमका तिथं पडला होता. मी जेवायला गेले नाही. टेबलापाशी बसून ती मेल चार वेळा वाचली. बाबांना पहिल्यांदा गाणं नीट ऐकू येईल, आणि ते ऐकवलं कोणी, तर रोहिणीनं. ते चित्र मला इतकं स्पष्ट दिसलं की मी ताबडतोब उत्तर लिहायला घेतलं. ‘हेडफोन नको, त्यांना डोक्यावर काही सहन होत नाही. बड्स तर ते घालणारच नाहीत. एखादा छोटा स्पीकर आण, लोक प्रवासात नेतात तसा. सेलवर चालणारा.’

प्रवासी स्पीकर कमी ऐकणाऱ्या माणसाच्या काय कामाचा, हे मला पुरतं ठाऊक होतं. माझ्या शीटमध्ये त्या ओळींपुढे मी स्वतः लिहून ठेवलं होतं, आवाज खोलीभर पसरतो, कानापर्यंत कमी पोचतो. बाबांना तो ऐकायचा तर पूर्ण वाढवावा लागणार, आणि पूर्ण वाढवला की लाइनीतून ओरडा होणार. दोन दिवसांत तो कपाटावर जाणार. मी मुद्दाम, विचारपूर्वक, माझं सगळं ज्ञान वापरून तिला चुकीची वस्तू सुचवली. इतकं नेमकं काम मी कंपनीसाठीही क्वचित केलं असेल. तिचं उत्तर आलं, ‘थँक्यू गं, बरं झालं विचारलं.’

शनिवारी मी तपकीर गल्लीत, रेडिओ-हेडफोनच्या दुकानांत गेले. दुकानदारानं मी मागितलेले हेडफोन काढले. मी तो जोड कानावर चढवला, काढला, पुन्हा चढवला, दुसरा मागितला, गादी दाबून बघितली, पिन उलटसुलट केली. अर्ध्या तासानं तो म्हणाला, ‘आपण नेणार आहात की इथंच येऊन ऐकणार आहात?’ मी घेतले. बाहेरच्या गर्दीत पिशवी छातीशी धरून चालताना मला पुण्यातला एकही माणूस आपल्यापेक्षा सुखी असेल असं वाटत नव्हतं.

रविवारी सकाळी, रोहिणीचा फोन येऊन गेल्यावर, मी ते बाबांच्या डोक्यावर ठेवले. ट्रान्झिस्टरला पिन लावली आणि आवाज हळूहळू वाढवत गेले. एका ठिकाणी बाबांचा हात वर आला. मग डग्ग्यावर पडणाऱ्या हाताची नक्कल करत त्यांनी मांडीवर ताल धरला आणि मोठ्यानं, सगळ्या लाइनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, ‘डग्गा ऐकू येतोय गं. डग्गा विसरलो होतो मी.’ आईनं पदर डोळ्याला लावला. मी जिंकले होते. ते चार दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस होते, आणि ते असे होते हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर बाबा खुर्चीत, डोक्यावर हेडफोन, डोळे मिटलेले. चहा समोर गार झालेला. आई म्हणाली, ‘सकाळपासून असेच आहेत. साळवे दोनदा दारात येऊन गेले.’ मग रोजच तसं व्हायला लागलं. पूर्वी आईनं ओरडलं की ऐकायचे, आता तिला जाऊन खांदा हलवावा लागायचा. ते दचकायचे, एका बाजूची गादी उचलायचे, हो म्हणायचे आणि परत सोडून द्यायचे. कट्ट्यावर जाणं बंद झालं. पायरीवर बसणं बंद झालं. आई एकदा भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, ‘तू फार चांगले आणलेस. घरातला माणूस रेडिओत राहायला गेला.’ तिनं टोमणा मारला नव्हता. पण तिचं ओरडणं थांबलं, आणि त्याबरोबर माझी वाटही बंद झाली. आता ‘अहो, ती म्हणतेय’सुद्धा उरलं नव्हतं. मी बाबांच्या कानावर जे चढवलं होतं, त्यात मला सोडून सगळं ऐकू येत होतं.

मी ते काढून ठेवायला सांगितलं का? नाही. काढले असते तर जानेवारीत स्पीकरला जागा झाली असती. मी इतकी हट्टी होते. बापाला गप्प बसलेला बघणं मला परवडत होतं, तिच्याकडून हरणं परवडत नव्हतं.

त्या जानेवारीतली हवा मला अजून अंगावर आठवते. नळाचं पाणी हाताला चावायचं. गवतावर दहिवर पडलेलं असायचं आणि स्टेशनकडून येणाऱ्या लोकलचा आवाज नेहमीपेक्षा जवळचा वाटायचा. मला तो आवाज ऐकताना दर वेळी वाटायचं, बाबांना हा किती वर्षांपूर्वी शेवटचा ऐकू आला असेल. विचारावंसं वाटायचं. विचारायचं कोणाच्या मार्फत, हा प्रश्न होता.

एका रविवारी सकाळी रोहिणी दारात उभी राहिली. परदेशातून येऊन तीन दिवस झाले होते, अंगात विदेशी जाकीट आणि काखेत मळ्यातून आणलेले हरभऱ्याचे डहाळे, मुळाच्या मातीसकट. ‘काका,’ तिनं हाक मारली. बाबा हलले नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली. तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचला नाही, हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि सांगायला वाईट वाटतं, पण क्षणभर मला गारगार वाटलं. रोहिणीनं डहाळे खाली ठेवले, सरळ आत गेली आणि बाबांच्या डोक्यावरचे हेडफोन दोन्ही हातांनी उचलून काढले. आमच्या घरात हे करायची कोणाची छाती नव्हती. ‘अवो काका, मी आलेय. हे काय घालून बसलाय, ऊन बगा भायेर केवढं पडलंय.’ बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि हसले. महिन्याभरानं हसले.

स्पीकर निघाला. तळहातावर मावणारा, घडी उघडली की उभा राहणारा, खाली चार सेल. रोहिणीनं तो ट्रान्झिस्टरला लावला, बाबांनी कान पुढे केला आणि मान हलवली. नाही येत. माझा हिशोब बरोबर होता. तिनं आवाज वाढवला. अर्धवट येतो. मग बाबा उठले, स्पीकर एका हातात, ट्रान्झिस्टर दुसऱ्या हातात, आणि जवळून ऐकण्याऐवजी सरळ बाहेर पडून कट्ट्याकडे चालू लागले. आम्ही मागून, रोहिणीच्या काखेत परत डहाळे. साळवेकाका आणि आणखी तिघे उन्हाला बसले होते. बाबांनी स्पीकर मधोमध ठेवला आणि आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

मी ओरड्याची वाट बघत उभी राहिले. आमच्या त्या लाइनीत राहत कोण होतं, याचा मी शीट करताना विचारच केला नव्हता. सगळी बाबांच्याच खात्यातली माणसं. पूर्ण फिरवलेला स्पीकर त्यांना बरोबर ऐकू येईल इतकाच होता. ज्यांना नीट ऐकू यायचं, ती बायकापोरं काय वाजतंय ते बघायला आली आणि ऊन चांगलं होतं म्हणून बसली. साळवेकाका म्हणाले, ही बाई गाते ती वारली. बाबा म्हणाले, वारली नाही, तिची बहीण वारली. त्यावर भांडण लागलं. पाच बहिरी माणसं एकाच गाण्यावर भांडत होती आणि एकमेकांचं ऐकत होती. बाबांनी एक डहाळा उचलला, घाटे सोलले, आणि साळवेकाकांपुढे धरत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘ही रोहिणीनं आणलेली वस्तू. माणूस ओळखते पोरगी.’

माझ्या अंगाची आग झाली. निवड माझी होती. त्या स्पीकरचं नाव, आकार, सेल, सगळं मी लिहून कळवलं होतं. पण हे सांगायचं तर ते का कळवलं हेही सांगायला लागलं असतं. मी ओठ आवळून घाटे सोलत राहिले. आणि मग रोहिणी म्हणाली, ‘मी न्हाई काका. मी तर हेडफोनच आणणार व्हते. सुजातानं सांगितलं, स्पीकर आण म्हणून. सगळं तिचंच डोकं.’

बाबा माझ्याकडे वळले. ‘होय? तू निवडलंस?’ त्यांच्या तोंडावर जे कौतुक होतं ते मी सव्वीस वर्षं आईच्या मार्फत मागत होते. ते सरळ माझ्याकडे आलं होतं, मध्ये कोणी नव्हतं. नुसती मान हलवायची होती. आईनं हलवलीसुद्धा. ‘हो तर, तिनंच.’ रोहिणी माझ्याकडे बघून आनंदानं हसत होती. मला हवं ते सगळं कट्ट्यावर मांडून ठेवलं होतं, आणि ते मी जिच्यावर जळले तिनं आपल्या हातानं मांडलं होतं. ते माझ्या घशाखाली उतरेना.

मी म्हटलं, ‘तसं नाही, बाबा.’

‘काय?’

आई पुढे सरली. ‘अहो, ती म्हणतेय...’

‘आई, तू थांब,’ मी म्हटलं. हे तिच्यामार्फत पाठवता येणार नव्हतं. मी श्वास घेतला आणि माझ्या गळ्यातून मला माहीत नसलेला एक आवाज निघाला, फाटका, चिरकलेला, कडुनिंबावरच्या साळुंक्या उडाल्या असा. ‘मी तिला मुद्दाम सांगितलं. स्पीकर तुमच्या कामाचा नाही, हे मला माहीत होतं. हेडफोन मला द्यायचे होते. तिचं सगळं तुम्हाला ऐकू येतं, माझं काहीच येत नाही, म्हणून मी तिच्यावर जळते. वर्ष झालं जळते.’

गाणं चालूच होतं. समोरच्या दोन दारांत बायका उभ्या होत्या. रोहिणीच्या हातातला डहाळा तसाच राहिला होता, आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

बाबांनी हात लांब करून स्पीकर बंद केला. साळवेकाकांना कोपरानं ढकललं, स्वतः सरकले आणि मधे माझ्यापुरती जागा केली.

‘आलं ऐकू,’ ते म्हणाले. ‘आणखी काय काय राहिलंय? बस इथं. सांग.’